संमती असल्यास एक दाबा

ताईचा अर्ज पुन्हा नामंजूर झाला होता आणि या खेपेला तिला रागावण्याचाही कंटाळा आला होता.

तिने अर्जात काही कुणाचं राज्य मागितलं नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेची इंटरनेटवर एक डिरेक्टरी आहे. एक पाय आखूड असलेल्यांना, पावलं वाकडी असलेल्यांना, मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांना जे जे लागतं ते बनवणाऱ्यांची ती यादी. कुणी कुबड्या बनवतो, कुणी कमरेचे पट्टे, कुणी बूट. दवाखान्यातले डॉक्टर तपासणी झाली की पेशंटच्या फोनवर त्या यादीतली लिंक पाठवून मोकळे होतात. पेशंट लिंक दाबतो आणि थेट कारागिराच्या वेबसाइटवर जाऊन पडतो. ताईच्या वडिलांचं नाव त्या यादीत त्यांच्या हयातीपासून होतं. ताईला फक्त त्या नावापुढचा वेबसाइटचा जुना पत्ता काढून नवा घालायचा होता. पाच मिनिटांचं काम आहे, असं तिला नवी वेबसाइट करून देणारा कॉम्प्युटरवाला म्हणाला होता. कॉम्प्युटरवाल्यांच्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवणारी माणसं अजून जगात आहेत, त्याला कोण काय करणार.

पत्ता बदलायची पाळी का आली, तर घर फुटलं म्हणून. वडील गेल्यावर ताई आणि धाकटा भाऊ मिळून दुकान चालवत होते. वडिलांची कामाची एक रीत होती. ज्याच्या पायाचा बूट करायचा, त्याच्या पायाचा लाकडी साचा करायचा आणि तो जन्मभर जपून ठेवायचा. वयाबरोबर पाऊल पसरलं, हाड वाढलं, की साच्यावर त्या जागी चामड्याचा तुकडा ठोकायचा. त्यामुळे दुकानाच्या तिन्ही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पावलंच पावलं होती. काही साच्यांचे मालक केव्हाच वर गेले होते आणि पावलं खाली राहिली होती. धाकट्याचा जीव त्या पावलांत गुदमरायचा. एका जोडीला महिना महिना लागणार, गिऱ्हाईक चार वेळा येऊन टोचतंय म्हणून सांगणार, आणि समोरचा दुकानदार तेवढ्यात तयार बुटांचे ढीग विकणार. एक दिवस ताई माप घ्यायला दवाखान्यात गेली असताना त्याने भिंती मोकळ्या केल्या. परत येऊन पाहते तो साचे पोत्यांत भरून दारात ठेवलेले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी बहीणभाऊ एकमेकांना जे बोलले ते दोघांनाही पाठ आहे, म्हणून इथे लिहायची गरज नाही. ताईने टेम्पो बोलावला, पोती घातली, आणि उतरली ती पुन्हा त्या दुकानाची पायरी चढली नाही.

दुकान धाकट्याकडे राहिलं, वरचं घर राहिलं, घरात आई राहिली. वेबसाइटही त्याच्याच नावावर घेतलेली होती, तीही राहिली. आता त्या पत्त्यावर गेलं की रंगीत बूट घातलेली तरणीताठी पोरं डोंगरावरून धावताना दिसत. एक पाय आखूड असलेला माणूस डॉक्टरांची लिंक दाबून तिथे पोचायचा आणि त्याला ती पोरं दिसायची. त्याला काय वाटत असेल याचा ताईला रोज विचार यायचा, आणि विचार आला की तिचा जीव तुटायचा.

तिची कार्यशाळा म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत माप घ्यायची खुर्ची, मागच्या खोलीत साचे, टाच उंच करायला लागणारे बुचाचे जाड तक्ते, डिंकाचा डबा आणि शिलाईयंत्रापाशी शिलाईवाले काका. काका वडिलांच्या वेळचे. धाकट्याने त्यांना थांबा म्हटलं होतं, पण ते पोत्यांबरोबर टेम्पोत बसून आले होते. हल्ली काका शिवलेले बूट उसवून पुन्हा शिवत. हात आखडू नये म्हणून, असं ते म्हणत. खरं म्हणजे काम नव्हतं. जुनी माणसं येत, पण जुनी माणसं अशी किती दिवस पुरणार? नवा पेशंट यादीतून यायचा, आणि यादी त्याला डोंगरावर पाठवत होती. एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं होतं, "अहो, तुम्ही दुकान बंद केलंत का? माझे दोन पेशंट तसं सांगत आले." ताई म्हणाली, "नाही हो डॉक्टर, चालू आहे." ते म्हणाले, "मग तेवढी यादी नीट करून घ्या. सगळे डॉक्टर तीच पाठवतात, मी एकटा कुणाकुणाला सांगू?" त्या दिवशी ताईने मनाशी ठरवलं, की पावसाळ्यापर्यंत यादी दुरुस्त झाली नाही, तर कुलूप लावायचं आणि काकांना मोकळं करायचं. ठरवल्यावर तिला रडू आलं नाही, नुसतं थकल्यासारखं झालं.

आणि यादी तर हट्टाला पेटलेली. पत्ता बदलायचा अर्ज आला की संघटनेचा कॉम्प्युटर आपण होऊन नोंदणीच्या फोनवर फोन करायचा. बदलाला संमती असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. नोंदणीला फोन होता आईचा. दुकानात ठोकाठोकी चालते, कुणी फोन उचलत नाही, म्हणून वडिलांनी त्या काळी तो दिला होता. ताईला त्यात अडचण वाटली नव्हती. आई म्हणजे काही परकी नव्हे.

आईला ती आठवड्यातून एकदा बागेतल्या बाकावर भेटे. धाकट्याच्या घरी जायचं नाही म्हणून हा बाक. तिने आईला सगळं नीट समजावून सांगितलं.

"आई, फोन येईल. एक बाई बोलेल, पण ती खरी बाई नाही, मशीन आहे. तिच्याशी बोलत बसू नकोस. फक्त एक दाब."

"दाबते की," आई म्हणाली. "तुझं काम कसं चाललंय?"

"छान चाललंय."

"नवीन माणसं येतात?"

"येतात की. वेळ पुरत नाही."

आईच्या चेहऱ्यावर एवढं समाधान पसरलं की ताईला आपल्या खोटेपणाचं काही वाटेना. म्हाताऱ्या बाईला कशाला घोर लावायचा?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नोंदणीच्या क्रमांकावरून नकार मिळाल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. ताईने आईला फोन केला. "आई, दाबलंस ना?" "दाबलं की." ताईने पुन्हा अर्ज केला. पुन्हा नकार. पुढच्या भेटीत तिने आईचा बटणांचा फोन नेऊन दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने तो उघडला, फुंकर मारली, बंद केला आणि म्हणाला, असे फोन आता बनत नाहीत, जपा. पुन्हा अर्ज, पुन्हा नकार.

तिने संघटनेच्या मदतकक्षाला फोन लावला. तिथे एक खरी बाई होती, पण मशीनपेक्षा तिचा आवाज थंड.

"मॅडम, तुम्ही नोंदणीचा फोन नंबरच बदलून घ्या."

"तेच म्हणते. बदला."

"त्यासाठी जुन्या नंबरवरून संमती लागेल."

"अहो, तिथेच तर घोडं अडलंय! समजा, तो नंबर असलेला माणूस जगात नसेल तर?"

"तर मृत्यूचा दाखला जोडायचा."

"माणूस चांगला ठणठणीत आहे हो. माझी आई आहे ती."

"मग अडचण काय आहे, मॅडम?"

ताईने फोन ठेवला. अडचण काय आहे हे तिलाही हळूहळू दिसायला लागलं होतं, म्हणजे दिसतंय असं वाटायला लागलं होतं. आईचा फोन घरात असतो. घर कुणाचं? धाकट्याचं. आई बिचारी फोन घ्यायला उठेपर्यंत कुणीतरी तो उचलत असणार आणि दोन दाबत असणार. सगळं घेतलं तरी पोट भरलं नाही याचं. आता माझी माणसंही अडवून धरतोय. काकांना तिने हे बोलून दाखवलं. काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "तो आळशी आहे. एवढी मेहनत तो कुणाच्या वाईटासाठीही करायचा नाही." पण ताईच्या डोक्यात बसायचं ते बसलं.

रविवारी दुपारी, धाकट्याचं दुकान बंद असताना, ती त्या घराची पायरी चढली. चढताना पाय एवढे जड झाले, की स्वतःसाठीच एक जोड करावा असं तिला वाटलं.

दार वहिनीने उघडलं. तिचा चेहरा उजळला, लगेच घाबरला, आणि "या ना ताई" म्हणून ती चहाच्या निमित्ताने आत पळाली. धाकटा सोफ्यावर पसरून टीव्ही बघत होता. तो उठून बसला. वजन वाढलं होतं त्याचं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "बस," तो म्हणाला. आई खिडकीपाशी खुर्चीत होती. फोन तिच्या मांडीवर होता.

"मी काही बसायला आले नाही," ताई म्हणाली आणि बसली. "मी इथूनच अर्ज करणार आहे. फोन येईल. सगळ्यांच्या समोर काय ते होऊन जाऊ दे."

"कसला अर्ज?" धाकट्याने विचारलं.

"जसं काही माहीतच नाही!"

त्याला खरंच माहीत नव्हतं, पण त्याचा चेहरा लहानपणापासून चोराचा, त्याला तो तरी काय करणार. ताईने आपल्या मोबाइलवर अर्ज भरला. तोंडपाठ झाला होता तो. जुना पत्ता, नवा पत्ता, बदलाचं कारण. कारणाच्या चौकटीत ती दर वेळी 'व्यवसायाचे स्थलांतर' लिहायची, तेच लिहिलं. मग तिने टीव्ही बंद करायला लावला. चहा आला. कुणी कप उचलला नाही.

आईचा फोन वाजला.

आईने चष्मा लावला. फोन कानाला लावून नीट ऐकून घेतलं. मशीनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता : संमती असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. आईने फोन डोळ्यांसमोर धरला, अंगठ्याने सावकाश दोन दाबलं, आणि फोन पुन्हा मांडीवर ठेवला.

"आई," ताई म्हणाली, "ते दोन होतं."

"माहितीय मला. आकडे येतात मला."

"म्हणजे दर वेळी..."

"दर वेळी. तू विचारलंस, दाबलं का? मी म्हटलं, दाबलं. काय दाबलं ते तू विचारलं नाहीस."

एवढे दिवस धाकट्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या सगळ्या आता कुठे ठेवायच्या ते ताईला कळेना. "पण का?" एवढंच ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला.

"का म्हणजे? सगळं नीट चाललंय तर बदलायचं कशाला?" आई म्हणाली. तिचा सूर समजूत घालण्याचा होता. "तुझी माणसं यादी बघून इथे येतात. हा त्यांना तुझ्याकडे पाठवतो. रोज रात्री जेवताना मी विचारते ना त्याला, आज कुणी आलं होतं का रे एक टाच उंच लागणारं? तो सांगतो, आलं होतं, ताईकडे पाठवलं. मला म्हणाला, तिला सांगू नकोस, तिचा अभिमान दुखेल. मी नाही सांगितलं. तूही म्हणतेस, नवीन माणसं येतात, वेळ पुरत नाही. मग? तुमच्या दोघांत दुसरं आता राहिलंय काय? बोलणं नाही, येणंजाणं नाही. एवढं एकच आहे, की तुझं माणूस त्याच्या दारावरून तुझ्याकडे जातं. ते पण तोडू? मी एक दाबलं की तुझा रस्ता वेगळा, त्याचा वेगळा. मग माझ्यानंतर कुणाला कुणाची आठवणसुद्धा यायची नाही."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"आई," ताई हळूच म्हणाली, "माझ्याकडे कुणी येत नाही."

"आत्ता गं! तूच म्हणालीस..."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणाले. कुणी नाही येत. काका बसून असतात. पावसाळ्यात बंद करणार होते मी."

आईला हे आधी नीट ऐकूच आलं नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग ती धाकट्याकडे वळली. "हे काय म्हणते ही? तू पाठवतोस ना रे?"

"पाठवतो म्हणजे..." धाकटा म्हणाला.

"कुठे पाठवतोस? तिला पत्ता सांग. सांग तिला, तिची खात्री पटू दे."

टीव्ही बंद, पंखा बंद, आत वहिनीचं भांड्यांचं खुडबुडणंही थांबलेलं. आई वाट बघत होती. ती एखाद्या मास्तरणीसारखी वाट बघत होती, उत्तर पोराला येतंच आहे अशी खात्री असल्यासारखी. ताईला त्या क्षणी वाटलं, की देवा, याला कुणीतरी पत्ता सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या, पण आईला एवढा वेळ असं बसवू नका.

"मला माहीत नाही," धाकटा शेवटी म्हणाला.

"काय माहीत नाही?"

"हिचा पत्ता. मला कधी कुणी सांगितलाच नाही." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर त्याचं सगळं बाहेर आलं. "माणसं येतात. पाय ओढत येतात, त्यांना काय सांगू मी? पहिल्या दिवशी एक बाई आली, मी म्हटलं, ते काम आता आम्ही करत नाही. कोण करतं म्हणाली. मी गप्प. रात्री आईने विचारलं, मी म्हटलं, ताईकडे पाठवलं. तिला इतकं बरं वाटलं की दोन घास जास्त जेवली. मग रोज तेच. नंतर आईलाच पत्ता विचारायचा म्हटलं तर कसा विचारणार? ती म्हणाली असती, मग इतके दिवस पाठवत कुठे होतास? आणि तुला विचारायचं तर..." तो ताईकडे न बघता म्हणाला, "तू फोन उचलला असतास?"

ताईने नसता उचलला. हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता. किती माणसं दारातून लंगडत परत गेली असतील, याचा हिशेब मागायला हवा होता. पण तिला फक्त एवढंच दिसलं, की तिघांनी मिळून एकमेकांना बरं वाटावं म्हणून जे केलं होतं, त्यात कुणाचंच बरं झालं नव्हतं. ती फार, फार दमली होती.

आईने पदराने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. आई रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कर तो अर्ज."

"राहू दे आई. आज नको."

"कर म्हणते ना. नुसतं बघत काय बसलीस?"

ताईने अर्ज केला. जुना पत्ता, नवा पत्ता. कारणाच्या चौकटीशी ती जरा थबकली आणि ती तशीच रिकामी सोडली. कॉम्प्युटरने तेही चालवून घेतलं. फोन वाजला. आईने चष्मा लावला नाही, मशीनचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. अंगठ्याने एक दाबलं, आणि दाबूनच ठेवलं, दारावरची घंटा कुणी उघडेपर्यंत दाबून ठेवावी तसं. आपली संमती नोंदवली आहे, धन्यवाद, असं मशीन म्हणालं.

यादी तिथल्या तिथे बदलली. ज्या कामासाठी इतके दिवस नाकी नऊ आले होते, ते एवढंसं होतं. ताईच्या मोबाइलवर वडिलांच्या नावाखाली तिच्या नव्या वेबसाइटचा पत्ता होता, आणि त्या वेबसाइटवरून यादीने आपण होऊन उचललेला फोन आणि कार्यशाळेचा ठिकाणा. उद्यापासून डॉक्टरांच्या लिंका तिच्याकडे वळणार होत्या. काकांना सांगितलं तर ते सुई खाली ठेवून नुसते मान हलवतील. आनंद कुठे तरी असणार, पण तो आज घरी येईल असं तिला वाटेना.

धाकट्याने आपला मोबाइल काढला होता. तोही तीच यादी बघत होता. ओठ हलवत त्याने ठिकाणा वाचला. बस डेपोच्या मागे, जुन्या छापखान्याच्या वर, पहिला मजला.

"छापखान्याच्या वर?" तो म्हणाला. "तिथे लिफ्ट नाही."

"नाही."

"मग तुझी माणसं जिना चढतात? तसल्या पायांनी?"

"चढतात. मी खाली येऊन हात देते. फारच असेल तर जिन्यात बसवूनच माप घेते."

खाली, त्याच्या दुकानाला दोनच पायऱ्या होत्या, रुंद आणि बसक्या. वडिलांनी मुद्दाम तशा बांधून घेतल्या होत्या. ते दोघांनाही माहीत होतं. धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने मोबाइल बंद केला, पुन्हा चालू केला, आणि पुन्हा तोच ठिकाणा वाचत बसला. ताई पर्स उचलून उठू लागली.

"थांब," आई म्हणाली. ताईला नाही, धाकट्यालाही नाही, असं मधेच कुठेतरी. मग तिने धाकट्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो हलवला.

"विचार ना अजून काहीतरी," ती म्हणाली. "विचार तिला."

धाकटा गोंधळला. त्याने ताईकडे पाहिलं, मग गार झालेल्या चहाकडे, मग पुन्हा ताईकडे.

"बूच कुठून आणतेस हल्ली?" त्याने विचारलं.

ताई पुन्हा बसली, आणि तिने सांगितलं.